पान एकसष्ट कुणी वाचलं?

पुण्याच्या प्रकाशकाचं पत्र काउंटरवर ठेवून माने काका म्हणाले, "पोरी, ही वैशाली कोण गं?"

कुठली वैशाली, ते मला पत्र न वाचताच कळलं.

मी साताऱ्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दुपारनंतर एका डीटीपी सेंटरमध्ये काम करते. डीटीपी म्हणजे हातानं लिहिलेला मजकूर कॉम्प्युटरवर टाइप करून, पानं लावून छपाईला तयार करणं. आमच्याकडे लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं आणि वाढदिवसाचे बॅनर येतात. पुस्तक क्वचित. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजला गेलेलं नाही, आटपाडीकडे आमची मेंढरं होती. त्यामुळे माने काकांच्या चार वह्या टायपिंगला आल्या, तेव्हा मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

काका रिटायर्ड हवालदार, मूळचे शिराळ्याकडचे. वह्यांमध्ये त्यांची नोकरी होती, पण खरं तर आनंदा होता. दोघं एकाच गावचे, एकाच दिवशी भरती झालेले. आनंदा बर्फातल्या चौकीवर कडा कोसळून गेला. त्याची आई सोनाक्का अजून गावी आहे, खूप थकलेली. काका गावी गेले की एकच विचारते, "माज्या आनंदाचं पुस्तक कवा येनार?" म्हणून काकांना घाई होती.

माझी चूक अशी. लग्नसराईत एकाच वेळी दोन फाइली उघड्या होत्या. एका पत्रिकेचा मजकूर कॉपी केला आणि पेस्ट केला तो काकांच्या पुस्तकात. साठाव्या पानावर आनंदाला खाली आणतात. एकसष्टाव्या पानावर चि. सौ. कां. वैशालीचा शुभविवाह, आणि शेवटी, "आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!"

ती फाइल तशीच दोन ठिकाणी गेली होती. एक पुण्याचा जुना प्रकाशक. तो पुस्तक स्वतःच्या खर्चानं काढतो, म्हणून निवडून घेतो आणि वेळ लावतो. दुसरी एक कंपनी. तिथे लेखकानं खर्चात वाटा उचलायचा, कंपनीनं संपादन आणि ऑनलाइन विक्री करायची. याला हायब्रीड म्हणतात. कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं होतं: पुस्तक उत्कृष्ट आहे, दीड महिन्यात काढू. वाट्याचे पैसे जमवण्यात काकांचे महिने गेले; पुण्याचं पत्र आलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते कंपनीच्या करारावर सही करणार होते.

प्रकाशकाचं पत्र चार महिन्यांनी आलं. त्यात अकरा सूचना होत्या. पहिली वैशालीबद्दल. शेवटी लिहिलं होतं, दुरुस्त करून पाठवलंत तर विचार करू, पण आमच्याकडे पुस्तक निघायला दीड वर्ष लागेल.

मी खाली बघत म्हणाले, "काका, चूक माझी आहे."

काकांनी खिशातून मोबाइल काढला, कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"म्याडम, आमचं पुस्तक तुमी सगळं वाचलं का?"

"हो सर! आमच्या टीमनं अगदी शब्दन् शब्द वाचलाय."

"पान एकसष्ट कसं वाटलं?"

"सर, तो भाग तर डोळ्यांत पाणी आणतो."

"त्यातलं काय काढू का?"

"एक शब्दसुद्धा काढू नका, सर."

काकांनी फोन बंद केला. "आत्याच्या लग्नाला ह्यास्नीबी बोलवूया," म्हणाले. आमचे मालक शिंदे सर मोठ्यानं हसले. मला हसू येईना. त्या बाईंनी ते पान वाचलं नव्हतं, तसं मीही वाचलं नव्हतं.

"पुण्याच्यांनी वाचलंय," काका म्हणाले. "पर दीड वर्स सोनाक्का थांबंल व्हय?"

मी अडखळत विचारलं, "या अकरा सूचनांप्रमाणे दुरुस्त करून आपणच छापलं तर?"

"सूचना त्यांच्या आणि पुस्तक आपलं?" शिंदे सर म्हणाले. "आधी विचार त्यांना."

मी पुण्याला फोन केला. ज्यांनी वाचलं होतं, त्या वयस्कर बाई होत्या. म्हणाल्या, "सूचना दिल्यात त्या वापरा की. आम्हाला कळवा मात्र, आमच्याकडून काढून घेताय म्हणून. आणि त्या वैशालीला तेवढं वगळा."

मग स्वतः छापणं म्हणजे काय ते कळलं. कुणी काम वाटून घेत नाही. तीन वेळा प्रूफं काढली. प्रूफ म्हणजे चुका शोधायला काढलेली कच्ची प्रत. पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी, आयएसबीएनसाठी, मीच अर्ज भरला. ट्रेनिंगची चाळीस पानं वीसवर आणा, या सूचनेवर काका आठ दिवस रुसले.

"आमी घाम गाळला ती पानं हायेत."

"काका, वाचणाऱ्यालाही घाम फुटतो."

"लय शानी झालीस," म्हणाले, आणि वीस पानं काढली.

पुस्तक निघालं. साताऱ्यातल्या दुकानदारानं विचारलं, "प्रकाशक कोण?" काका म्हणाले, "मीच." त्यानं पाच प्रती ठेवून घेतल्या, त्यातल्या चार अजून तिथंच आहेत. काका पिशवीतून प्रती नेतात, माजी सैनिकांच्या बैठकीत वाटतात. उरलेली खोकी माझ्या टेबलाखाली आहेत. पाय ठेवायला जागा नाही.

एका रविवारी एसटीनं आम्ही सोनाक्काकडे गेलो. त्यांना वाचता येत नाही, म्हणून काकांनी मला वाचायला लावलं. आनंदाला खाली आणतात ते पान संपलं. पुढच्या पानाकडे वळताना मी थांबले. कितीतरी वेळा तपासलं होतं, तरीही. वैशाली होती तिथं आता आनंदाच्या सामानाची पेटी होती, आणि पेटीत आईसाठी घेतलेली शाल.

सोनाक्कांनी पानावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ह्ये तू लिवलंस?"

"नाही आजी. काकांनी लिहिलं. मी नुसतं टाइप केलं."

"म्हंजी सगळ्यांच्या आदी तूच वाचलंस की."

काका खिडकीकडे बघत बसले. मी बोट ठेवून ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

आता पुस्तक कसं काढावं असं लोक काउंटरवर विचारतात, तेव्हा मला तिन्ही प्रकार सांगता येतात. कुठला चांगला, ते नाही सांगता येत. मी एवढंच विचारते, तुमच्याशिवाय हे कुणी पूर्ण वाचलंय का? आणि हल्ली छापायला जाणारं सगळं मी कागदावर काढून, बोट ठेवून वाचते. लग्नपत्रिकासुद्धा.