सरकारला नारळ

इंग्रजांचं राज्य एक दिवस जाणार, हे दरेकशाच्या आमच्या मावसाजींइतकं निवांतपणे अख्ख्या हिंदुस्थानात कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टेशनवर दिवाबत्तीचं काम, नावावर वीतभर जमीन नाही, म्हणून मताचा हक्कही नाही. पण सरकार जाईल तेव्हा त्याच्या हातात आपल्या हातानं नारळ द्यायचा, एवढा एकच ध्यास. कंदिलाच्या काचा पुसता पुसता ते असा मुलूख बघत, जिथे पाडव्याला माणसं मडक्यात एकेक दाणा टाकतात आणि पडलेला राजा घोंगडी काखेत मारून निमूट घरी जेवायला जातो. या तंद्रीत ते एकच काच अर्धा तास पुसत. "सालगडी पाडव्याले बदलतो, तवा कोनी लाठी काढते का?" ते मला विचारत. "नारळ देतो, रामराम करतो. मंग सरकारले काऊन लाठी?"

सरकार काही लवकर हलेना, तेव्हा त्यांनी स्वतःच्या अंगणातच सुरुवात केली. दर पाडव्याला दोन उमेदवार, दोन मडकी, आणि माणशी धानाचा एक दाणा, मग तो पाटील असो की गुराखी. जिंकेल तो वर्षभर राजा. राज्य म्हणजे विहिरीचा गाळ कधी काढायचा ते ठरवणं, पण मावसाजी त्यासाठीही कपाळाला हात लावून विचार करत. पहिल्या वर्षी ते निवडून आले आणि दुसऱ्या वर्षी एका दाण्यानं पडले. तो दाणा आपलाच, हे मावशीनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. गावाचं राज्य केलं, पण घरात सरपणाची काडी आणली नाही, असं तिचं म्हणणं. मावसाजींनी नव्या राजाच्या खांद्यावर शेला टाकला, स्वतःचा नारळ मोठ्या मानानं घेतला आणि मला म्हणाले, "निवडून येनं सोपं हाय बापू. पडनं शिका लागते." पुढे ते दरवर्षी पडत गेले आणि मावशी दरवर्षी त्यांच्याविरुद्धच दाणा टाकत गेली. खोबऱ्याला मात्र त्या घरात तोटा नव्हता.

इंग्रज जायच्या आधीच्या हिवाळ्यात मावसाजी तापानं गेले. मला त्यांचा रागच आला. इतकी वर्षं थांबले, आणखी काही महिने थांबायला काय झालं होतं?

झेंडा बदलला त्या दिवशी मी गोंदियाहून सकाळच्या गाडीनं दरेकशाला उतरलो, तर फलाटावर धुतलेल्या लुगड्यात मावशी उभी. हातात नारळ. सरकार कोणत्या गाडीनं जाणार, असं तिनं स्टेशन मास्तरांना विचारलं होतं. मावसाजींना ओळखणारे ते मास्तर हसले नाहीत. या बाजूनं नाही जात बाई, एवढंच म्हणाले. तरी तिनं तीन गाड्या बघितल्या. एकीतूनही सरकार डोकावलं नाही.

मी म्हटलं, मावशी, तू तर जन्मभर त्यांच्या विरुद्ध होतीस.

"होतो ना," ती रुळांकडे बघत म्हणाली. "पन आज माह्या दाना त्यायच्याच मडक्यात."

मग तिनं कंदिलाच्या खांबाशी नारळ फोडला आणि फलाटावरच्या सगळ्यांना खोबरं वाटलं. एक फोड तिनं खांबापाशीच ठेवली.