कुवेतची थंडी आणि लालबागच्या गोधड्या

“अकरा फिटर थंडीने काकडतायत. पुढच्या बोटीने परत येतो म्हणतात. हे पत्रक कोणी लिहिलं?” विजयकर साहेबांनी विचारलं.

लिहिलं होतं मीच. पण म्हणालो, “माहिती धोंडू खलाशाने दिली, साहेब.”

ते खोटं होतं. आता माझं वय झालं. धोंडू राहिला नाही. म्हणून लिहून ठेवतो.

आमचं फोर्टातलं ऑफिस तेलकंपनीसाठी कुवेतला माणसं पाठवायचं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. कुवेत नकाशात कुठे आहे हे आमच्या ठाकूरद्वारला कोणी सांगू शकलं नसतं, मीही नाही. तरी जाणाऱ्यांसाठी सूचनापत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. आपलाच रुपया तिथे चालतो, गोडं पाणी जपून वापरावं, रमजानात दिवसा चारचौघांत खाऊ नये, हे कंपनीच्या कागदांत होतं. हवामानाचं काहीच नव्हतं. मी शाळेतला भूगोल आठवला आणि लिहून टाकलं, ‘वाळवंटी प्रदेश. बारा महिने कडक ऊन. चटई व एक चादर पुरे.’

धोंडू कुवेतला जाणाऱ्या बोटीवर खलाशी होता. मूळचा मालवणचा, राहायला लालबागला. आमचं टपाल न्यायला यायचा. पत्रक वाचून म्हणाला, “पौषात थंय दात वाजतत. गोधडी लिवा.”

“वाळवंटात गोधडी? धोंडू, तू बोटीवरून उतरतोस तरी का रे?”

सगळं ऑफिस हसलं. धोंडूही हसला.

हे फिटर डेक पॅसेंजर होते. म्हणजे केबिन नाही, उघड्या डेकवर आपलं अंथरूण पसरायचं. निरोपाला आलेल्या बायकांनी गोधड्या आणल्या होत्या. मी पत्रक दाखवून त्या धक्क्यावरूनच परत पाठवल्या.

आणि आता कुवेतहून फिटरांच्या थंडीचं हे पत्र आलं होतं. माणसं परतली तर कंपनी पुढची भरती दुसऱ्याला देणार, आणि पत्रक लिहिणाऱ्याला घरी बसावं लागणार. साहेबांनी धोंडूला आत बोलावलं.

“काय रे, तिथे थंडी नसते असं तू सांगितलंस?”

धोंडूने माझ्याकडे पाहिलं. मी दौतीकडे.

“होय साहेब, चुकलं माझं. बोट आज चारला सुटता. गोधड्या मी नेतंय. पण लालबागातून बंदरावर त्या ह्यांनी आणूक होयो.”

त्या दिवशी हरताळ होता. ट्राम नाही, टॅक्सी नाही. शिक्षा मला बरोबर कळली.

फिटरांच्या लालबागच्या चाळीत बायका वाटच बघत होत्या; नवऱ्यांची पत्रं त्यांनाही त्याच टपालाने आली होती. “वाळवंटात गोधडी कशाला हो, भाऊ?” एकीने विचारलं. दुसरीने हातगाडी दाखवली. “ढकला. आमचे नवरे थंडीत, तुम्ही जरा घामात.” अकरा गोधड्या आणि वर कोकमाची पुरचुंडी.

भायखळ्याला मोर्चा आडवा आला. “गोधड्या कोणासाठी?” एकाने विचारलं. मला धाप लागली होती. “आपल्या माणसांसाठी,” एवढंच म्हणालो.

तो मागे वळून ओरडला, “तुरुंगातल्या सत्याग्रहींना गोधड्या चालल्यात! वाट द्या!”

वाट तर मिळालीच, गाडीला वीस हातही लागले. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेच्या तालावर गाडी पळू लागली. दारादारांतून लोक आणखी पांघरुणं आणून टाकत होते. मी गैरसमज दूर केला नाही. घोषणा मात्र त्यांच्याहून मोठ्याने दिल्या.

धक्क्यावर धोंडूने मोजल्या. “सतरा? ह्यो सहा खंयच्यो?”

मी सांगितलं. तो दोराच्या वेटोळ्यावर बसून पोट धरून हसला. मग मीही.

फिटर तिथेच राहिले. जादा सहा गोधड्या शेजारच्या खोलीतल्या पंजाबी वेल्डरांनी घेतल्या, असं पुढच्या पत्रात होतं. त्यानंतरचं पत्रक धोंडूने सांगितलं, मी लिहिलं. मार्गशीर्ष ते माघ गरम कपडे, वावटळ आली की तोंडाला ओला फडका, उन्हाळ्यात दुपारी लोखंडाला उघड्या हाताने शिवू नये. कंपनीला ते फार आवडलं. खाली नाव माझं होतं. वर्षाच्या आत मी हेडक्लार्क झालो. खरं सांगायला साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो, दोन्ही वेळा रजेचा अर्ज देऊन परत आलो.

तर पहिलं पत्रक माझं, दुसरं धोंडू मयेकरचं. न पाहिलेल्या देशाबद्दल लिहायची वेळ आलीच, तर तिथे थंडी खाऊन आलेल्या माणसाला विचारावं. आणि खाली नाव त्याचं घालावं.