मावशीकडचा मसाला

खाडीपलीकडच्या आमच्या गावात मसाला कांडायचा एकच डंक होता आणि तो चालवणाऱ्या बाईला सगळं गाव मावशी म्हणायचं. पत्र्याच्या शेडमध्ये ते दोन मुसळांचं यंत्र धडधडत असायचं आणि त्याच्यावर आवाज चढवून मावशी बोलत असायची. कुणाचं लग्न मोडलं, कुणी जमीन विकली, फादर कुणावर चिडले, तिला सगळं ठाऊक. तिच्या तोंडात तीळ भिजत नसे.

एक गोष्ट मात्र ती बोलायची नाही. आम्हा ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला मे महिन्यात होतो. पंचवीस-तीस जिनसांचा, तपकिरी बाटल्यांत काठीने ठासून भरलेला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं. मावशीला सगळी प्रमाणं पाठ होती, पण एका घरचं दुसऱ्या घरी कधी गेलं नाही.

आई गेली तेव्हा तिचं प्रमाण माझ्याकडे नव्हतं. तिने लिहिलं नाही आणि मी विचारलं नाही. मग दर मे महिन्यात मी बोरिवलीहून बस, खाडी ओलांडायला बोट आणि पुढे रिक्षा करत मिरच्यांची पिशवी घेऊन मावशीकडे जायचे. जिन्नस तीच घालायची. भाजून कांडून होईपर्यंत अख्खा दिवस जायचा. रोजचं ऑफिस, घरी अंथरुणाला खिळलेले सासरे, आणि सुट्टीचा एकुलता एक दिवस त्या शेडमध्ये शिंकत काढायचा, वर मावशीच्या गप्पा ऐकायच्या. मला वैताग यायचा, आणि तो लपवायचाही कंटाळा यायचा.

गेल्या वर्षी मी म्हटलं, "मावशी, आईचं प्रमाण लिहून दे ना. मी काय परकी आहे?"

ती मिरच्या परतता परतता थांबली. "लिहून देते. मग येशील काय गो?"

"येईन की. न यायला काय झालं?"

"खोटं बोलतेस," ती म्हणाली, पण रागाने नाही. मग पदराने घाम पुसला, "मी पण दमले, बाय," म्हणाली आणि सुनेला वही आणायला सांगितलं. मावशी सांगत गेली, सून लिहीत गेली. कागद पर्समध्ये ठेवून मी चारच्या बोटीने परतले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

यंदाच्या मे महिन्यात पहिल्या आठवड्यात सासऱ्यांना ताप आला, दुसऱ्या आठवड्यात ऑफिसचं ऑडिट. तिसऱ्या आठवड्यात काहीच नव्हतं, तेव्हा नुसती झोपले. शेवटी कागद घेऊन घराजवळच्या गिरणीत गेले. दीड तासात काम झालं. मावशीला फोन करायचाही राहिला. राहिला कसला, टाळलाच.

पावसाळ्यात ती गेल्याचा निरोप आला. दफन आटोपल्यावर आम्ही बायका शेडपाशी चहा घेत उभ्या होतो. डंकावर ताडपत्री टाकलेली होती.

मावशीची सून म्हणाली, "यंदा डंक आठ दिवसपण चालला नाही. गेल्या वर्षी मम्मीने जिने मागितलं तिला लिहून दिलं ना. तरी महिनाभर रोज शेड झाडायची, बाकडं बाहेर टाकून बसायची. म्हणायची, येतील, बोट चुकली असेल."

माझ्या शेजारच्या बाईने अर्धा कप चहा तसाच खाली ठेवला. कुणी कुणाकडे बघितलं नाही. आमच्यातल्या बहुतेकींच्या घरी तो कागद होता.

संध्याकाळी घरी येऊन कालवण टाकलं. जुना मसाला संपला होता, म्हणून यंदाची बाटली पहिल्यांदाच उघडली. काहीतरी कमी पडेल, कडवट लागेल, निदान वास तरी वेगळा येईल, असं मला वाटत होतं. खरं म्हणजे तसं व्हावं अशी इच्छाच होती.

मसाला अगदी आईच्या हातचा झाला होता. मावशीने एक जिन्नससुद्धा लपवला नव्हता.