बारा आटे, आठ आटे

"गप जरा. बोलू नको."

काका असं म्हणाले की मी श्वासही हळू घ्यायचो. रस्त्यातल्या चेंबरचं झाकण सरकवून ते लांब लोखंडी चावी आत व्हॉल्व्हवर बसवत, चावीचा वरचा दांडा खांद्यावरच्या टॉवेलने पुसत आणि त्याला डावा कान लावत. थोड्या वेळाने म्हणत, "निघालंय टाकीतनं." आणि खरंच, जरा वेळाने कॉलनीतले नळ फुरफुरू लागत.

तुम्ही सोलापुरात राहत असाल तर पाणी सोडणारा असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. बहुधा त्याचं नाव तुम्हाला माहीत नसेल. आमच्या काकांच्या कानाच्या पाळीवर गंजाचा तांबूस डाग होता, तो कधी जायचा नाही. कोपऱ्यावरचा चहावाला विचारायचा, "काका, आंघोळ करता का न्हाय?"

"तुझ्या नळाला सोडतो न्हवं, तितंच संपतंय माझं पाणी," काका म्हणायचे.

मी मंद्रूपचा. आमच्या घरात कॉलेजला गेलेला मीच पहिला. त्यामुळे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी फार मनावर घेतला होता. जुळे सोलापुरातल्या एका टाकीवरच्या पाइपांचं कॉम्प्युटरवर मॉडेल करायचं होतं. टाकीची पातळी आणि व्हॉल्व्ह किती उघडा हे दिलं की कुठल्या नळाला किती दाब मिळेल ते मॉडेल सांगतं. खरा दाब मोजायला आम्ही दोन ठिकाणी सेन्सर बसवले होते. एक कॉलनीत आणि एक नाल्यापलीकडच्या वस्तीत, जिथे पाइप संपतो. पाणी सुटायच्या दिवशी मी काकांबरोबर फिरायचो. मॉडेलची रेष आणि सेन्सरची रेष एकमेकींवर बसली की मॉडेल बरोबर.

माझ्या रेषा बसतच नव्हत्या. दर पाण्याच्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासात कॉलनीतला दाब खाली यायचा आणि वस्तीतला वर चढायचा. मॉडेलच्या हिशेबाने वस्तीत शून्य यायला हवं होतं, कारण कॉलनीतले बरेच लोक नळाला थेट मोटार लावून पाणी ओढतात. मी पाइपांचे व्यास पुन्हा तपासले, सेन्सर बदलून पाहिले. प्रोजेक्टचे सर म्हणाले, "डेटा साफ कर आधी." कसा साफ करायचा, हे विचारायची मला लाज वाटली.

शेवटी एका सकाळी मी काकांच्या हाताकडे नीट पाहिलं. चावीचा एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. वेळापत्रकात कॉलनीचा व्हॉल्व्ह पूर्ण वेळ बारा आटे उघडा ठेवायचा, असं लिहिलं होतं. शेवटचा अर्धा तास राहिला तसे काका परत आले आणि मोजून चार आटे बंद केले.

"काका, हे बारा पाहिजे ना?"

"कागदावर बारा. शेवटाला आठ." त्यांनी नाल्याकडे मान हलवली. "तिकडं अक्का घागर धरून बसलीय की."

वस्तीतल्या शेवटच्या नळाजवळ लक्ष्मीअक्का राहायच्या. त्या घरी विड्या वळायच्या. चार-पाच दिवसांनी पाण्याचा दिवस यायचा आणि त्या दिवशी त्या कारखान्याला माल द्यायला जायच्या नाहीत. तो अर्धा तास चुकला, तर पुढच्या पाण्यापर्यंत घरात काही नसायचं.

"इंजिनेर," काका मला अशीच हाक मारायचे, "तेवढं लिवू नको."

"का?"

"लिवलं की ते सायबाचं होतंय. तोवर माझं हाय."

मी हो म्हणालो. पण हॉस्टेलवर आल्यावर मला वाटलं, काका उद्या नसले तर? नवा माणूस आला तर त्याला कोण सांगणार? हे वेळापत्रकातच यायला हवं. मी अहवालात एक पूर्ण पान लिहिलं. शेवटचा अर्धा तास आठ आटे ठेवल्याने वस्तीला पाणी मिळतं, म्हणून हाच नियम करावा. खाली दोन्ही आलेख लावले. ते पान लिहिताना मला स्वतःचा अभिमान वाटला होता, हेही सांगायला हवं.

अहवालाची एक प्रत पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात द्यायची होती. तिथे साहेबांनी ते पान वाचलं आणि काकांना बोलावलं. मी तिथेच उभा होतो.

"आठ आटे कुणाच्या आदेशानं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "माज्याच, सायेब."

"कॉलनीतल्या तक्रारी कुठून येतात ते आता कळलं," साहेब म्हणाले.

"सर, पण त्यामुळेच वस्तीत—" मी बोललो, तर साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "तुझं काम चांगलंय बाळ. हे आमच्यावर सोड."

काका ठेकेदाराकडे कामाला होते. सोमवारपासून येऊ नका, एवढंच त्यांना सांगितलं गेलं. बाहेर त्यांनी चावी भिंतीला टेकवून ठेवली, टॉवेल झटकला.

"तुजं गणित बसलं का आता?" त्यांनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

मी सरांकडे गेलो. ते पान काढून घेऊ द्या म्हणालो. सर म्हणाले, अहवाल दाखल झालाय. ऑफिसात तीनदा अर्ज दिला. पोच मिळाली, उत्तर नाही. काकांचा फोन बंद लागायचा. मोडनिंबला मुलीकडे गेले, असं चहावाल्याने सांगितलं. कुठली मुलगी, कुठलं घर, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुढच्या पाण्याच्या दिवसाचा डेटा आला. दोन्ही ठिकाणच्या रेषा मॉडेलच्या रेषेवर अगदी बरोबर बसल्या. वस्तीत मॉडेल शून्य सांगत होतं आणि सेन्सरही शून्यच सांगत होता. सरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

त्यानंतरच्या पाण्याच्या दिवशी शेवटच्या अर्ध्या तासाला मी वस्तीत गेलो. नळाखाली घागर होती, मागे रिकाम्या कळशा ओळीने लावलेल्या होत्या. अक्का उंबऱ्यात बसल्या होत्या, मांडीवर विड्यांचं सूप. काम थांबलेलं होतं.

"ते काका कुठं गेले?" त्यांनी विचारलं. "आजारी हायेत काय?"

मी खाली बसलो, नळाची तोटी शर्टाने पुसली आणि कान लावला.

"येतंय का?" अक्कांनी विचारलं.

मी हाताने त्यांना गप राहायला सांगितलं. पाइपातून बारीक घरघर ऐकू येत होती. ती पाण्याची नव्हती. नाल्यापलीकडे कॉलनीत मोटारी चालू होत्या. अर्धा तास संपेपर्यंत मी कान काढला नाही, कारण काढला असता तर अक्कांकडे बघावं लागलं असतं.