मधल्या खोलीतला खिळा

घरात राऊटर आला की आमच्याकडची माणसं आधी त्याला हळद-कुंकू लावतात आणि मग शोकेसमध्ये कोंडतात. पितळी तांब्या, पोराला शाळेत मिळालेली ढाल आणि त्यांच्यामध्ये बिचारा राऊटर. मग मला फोन येतो, "धम्मपाल, तुजं नेट पळत न्हाई." आटपाडीत नेट जोडून देण्याच्या या धंद्यात माझं निम्मं आयुष्य शोकेसशी भांडण्यात चाललंय.

लीलाकाकींचं घरही त्यातलंच. पण त्या बाईला मी मानतो, आणि का ते सांगतो.

काकी साठीच्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळी गल्ली आबा म्हणायची, फौजेतून सुभेदार होऊन परतले होते. ते मागल्या वर्षी गेले. मुलगा जयराज फौजेतच, लांब सीमेवर. घरात काकी, दोन म्हशी आणि सून पूजा. पूजा मागच्या खोलीत बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एकच गोष्ट विचारली होती, पोरीची नोकरी सुटणार तर नाही ना. आबांनी भर बैठकीत शब्द दिला, "न्हाई सुटायची." मी तिथंच पोह्यांच्या बशा फिरवत होतो.

आणि आता तिचे साहेब म्हणत होते, मीटिंगमध्ये तुझा आवाज तुटतो, सोमवारपासून असंच राहिलं तर पुण्याला येऊन बस, नाहीतर राजीनामा दे. सासूला एकटं टाकून पूजा जाणार नव्हती. म्हणजे नोकरीवर पाणी सोडायचं.

शनिवारी सकाळी मी गेलो. राऊटर शोकेसमधून बाहेर काढला, तरी मागच्या खोलीत रेंज पोचेना. मध्ये हातभर जाडीची दगडी भिंत. वायर थेट मागं न्यावी तर वाट गोठ्यातून, आणि तिथं आधीची वायर उंदरांनी कुरतडलेली. मधल्या खोलीतच कुठंतरी जागा शोधायला हवी होती.

"पानी हुडकाया पाणाड्या नारळ घिऊन रानात फिरतो तसा फिर की," काकी म्हणाल्या.

तसाच फिरलो. चालू राऊटर हातात धरून मी जागा बदलायचो आणि पूजा आतून मोबाईल बघून ओरडायची, "न्हाई... जरा हाय... गेलं." मग एका जागी तिचा आवाजच बदलला. "आलं! फुल्ल आलं!"

मी वर बघितलं. मागच्या खोलीच्या दाराच्या बरोबर समोर, भिंतीवर आबांचा फोटो होता. फौजेची टोपी, चंदनाचा हार. काकी रोज अंघोळ झाली की आधी त्याला उदबत्ती ओवाळतात. राऊटर बाजूला घ्यावा तर भिंत आड येत होती, खाली घ्यावा तर धान्याची कोठी.

मी गुपचूप बाजूला सरकलो. पूजा बाहेर आली, फोटो बघून म्हणाली, "दादा, शोकेसवरच ठेवा. चालवून घेईन मी." मीही मान हलवली. चालणार नाही हे आम्हा दोघांनाही पक्कं माहीत होतं.

काकींनी आमच्याकडं बघितलं. स्टूल ओढलं, वर चढल्या, पदरानं फोटोची काच पुसली आणि फोटो खाली घेतला.

"आवं काकी, ऱ्हाऊ द्या. भावकी काय म्हनंल?" मी म्हणालो.

"सोमवारी मीटिंगला भावकी बसनार हाय व्हय?" फोटो त्यांनी पोटाशी धरला होता. "शब्द ह्यांनी दिलता रं. मग जागा बी ह्यांनीच द्याया पायजे. लाव तुजं डबडं."

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. राऊटर त्याच खिळ्यावर टांगला. पासवर्ड ठेवताना काकींनी तेवढं बजावलं, की गल्लीतल्या पोरांना वळखता येईल असला ठेवू नको.

सोमवारी दुपारी मी मुद्दाम चक्कर मारली. मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. पूजा हेडफोन लावून साहेबांशी बोलत होती आणि आवाज कुठं तुटत नव्हता. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर आता आबांचा फोटो होता. काकी उंबऱ्यापाशी गवार मोडत बसल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोल रं," त्या म्हणाल्या. "आत दोघं बी कामात हायती."