लाटण्यावरची खाच

सोनेरी चेन घेऊन माझ्या दुकानात येऊ नका, आधीच सांगून ठेवतो. डोंगरात, चिखलात, नदीच्या वाळूत उंच मोटरसायकली घालणारे हे लोक मोबाइलवर बघून चेन मागवतात. का, तर चमकते. आणि गाडीवर स्प्रॉकेट जुनंच. स्प्रॉकेट म्हणजे ज्यावर चेन फिरते ते दातेरी चक्र, पुढे इंजिनपाशी लहान, मागच्या चाकाला मोठं. त्याचे दात झिजून एकीकडे वाकलेले, मांजराच्या नखासारखे, आणि त्याच्यावर हे नवी चेन चढवणार. चार चिखलांत नवी चेन जुनी होते. मग येऊन माझ्यावरच डोळे काढतात, म्हणे चेन डुप्लिकेट निघाली. अरे, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं तिन्ही एकदम बदलायची असतात. हे मी घसा फोडून सांगतो आणि समोरचा मान हलवत मोबाइल बघतो.

दुकान कोलकात्याजवळ बराकपूरला, छावणीच्या मागच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे अंगण आणि दोन खोल्या. बाप फौजेत होता, साताऱ्याकडून बदलून इथे आला आणि पेन्शनीत गेल्यावर इथेच राहिला. मी सातवीत दोनदा बसलो आणि मग हातात पाना घेतला. इथले बाकीचे मराठी लोक बँकेतले, कॉलेजातले. गणपतीला भेटले की विचारतात, "अजून गॅरेजच का?" हो, गॅरेजच. माझी बायको गेली तेव्हा त्यांतला एकजण भेटायला आला, खुर्चीत नीट टेकून बसला आणि म्हणाला, "सुटल्या बिचाऱ्या." कशातून सुटली? माझ्यातून? मी त्याला चहा न देता घालवला. त्याला आता आठ महिने झाले, मला अजून पश्चात्ताप नाही.

पण मी लिहायला बसलोय ते त्याच्यासाठी नाही.

चेनचं काम मी कधी केलंच नाही. इंजिन माझं, ब्रेक माझे, क्लच माझा. चेन म्हणजे रॉकेल आणि काळी घाण. लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मी एक बरबटलेली चेन अंगणात तिच्यापुढे टाकली आणि म्हणालो, "भांडी घासतेस तशी ही घास." तिने घासली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अहो, ह्यातल्या सात कड्या आखडल्यात. वाकत नाहीत. ही परत लावू नका." मी मोजून बघितल्या. सात.

तेव्हापासून चेन तिची. दुकानाच्या दारात मी असायचो, म्हणून नाव माझं झालं. गाड्या चालवत लोक यायचे, कोलकात्यातून इतक्या लांब, चेन बसवून घ्यायला. "काकूंचा हात काय आहे!" म्हणायचे. बंगालीत काकू म्हणजे काका, ते मलाच म्हणायचे. ती काकीमा. हे ऐकून ती आतून हसायची आणि मी ते कौतुक खिशात घालायचो. एकदाही म्हणालो नाही की हात तिचा आहे.

तिचे नियम होते. रबरी रिंगांच्या चेनला पेट्रोल लावायचं नाही, तारेचा ब्रश लावायचा नाही. रॉकेल आणि मऊ झालेला दात घासायचा ब्रश. मग फडक्याने कोरडी करायची. तेल आतल्या बाजूने, थेंब थेंब, चाक हाताने फिरवत, आणि वरचं सगळं पुसून टाकायचं. एका गिऱ्हाइकाने वरून भसाभस ग्रीस थापलं होतं. ती खिडकीतून ओरडली, "पोळीला तूप लावताय का? सगळी वाळू चिकटून बसेल आणि तीच चेन खाईल!" मागचं स्प्रॉकेट ॲल्युमिनियमचं हलकं असतं म्हणून सगळ्यांना ते हवं असायचं. ती म्हणायची, शर्यत नाही ना धावायची, मग लोखंडी घ्या. टिकतं.

आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे चेन किती सैल ठेवायची. साध्या गाडीसारखी ताणून ठेवली तर उंच गाडीचं मागचं चाक खड्ड्यात आपटून वर येतं तेव्हा चेन ताठ होते, गिअरबॉक्स फोडते. फार सैल ठेवली तर उडून खाली येते. मध्ये कुठेतरी बरोबर असतं. ती चेनच्या खाली तीन बोटं आडवी घालायची, चेन वर ढकलायची आणि बोटं जेमतेम बसली की म्हणायची, "झालं. आवळा." मी नट आवळायचो. माझं काम एवढंच.

गेल्या वर्षाच्या आधीचं वर्ष. दुर्गापूजेच्या आधीचे दिवस, गाड्यांची रांग. ती खाली बसली होती, चेनखाली हात घालून. म्हणाली, "अहो, बोटं बसत नाहीत."

मी म्हणालो, "मग सैल कर."

ती म्हणाली, "चेन बरोबर आहे."

मी म्हणालो, "बरोबर आहे तर बडबड कशाला?" आणि चहाला गेलो.

चेन बरोबर होती. बोटं सुजली होती. किडनी जायला लागली की हातपाय सुजतात, हे मला डॉक्टरने चार महिन्यांनी सांगितलं. तिने मला त्या दिवशी सांगितलं होतं. गल्लीच्या तोंडाशी गाडी आली की नुसत्या आवाजावरून सांगणारा मी, की मागचं चाक तिरकं बसलंय. आणि घरातली बाई समोर बसून सांगते तर मी चहाला जातो. मोठा मिस्त्री!

ती गेल्यावर हत्यारांच्या पेटीत मला लाटणं सापडलं. घरातलं लाटणं, तिने माहेरून आणलेलं, मध्ये जाड आणि दोन्ही टोकांना निमुळतं. पाने आणि चिमट्यांमध्ये, तेलाने काळं. माझं डोकंच फिरलं. आठवडाभर मी बाजारचा पाव खात होतो, कारण लाटणं मिळत नव्हतं, आणि हे इथे! साबणाने घासून स्वयंपाकघरात नेलं. त्याच्यावर दोन खाचा होत्या, विळीने पाडलेल्या. मला वाटलं जुनं झालं, खराब झालं. तेव्हापासून मी त्याने पोळ्या लाटल्या. पोळ्या कसल्या, चामडं. प्रत्येक पोळीवर खाचेची रेघ उमटायची आणि पहिला महिनाभर चेनच्या तेलाचा वास यायचा. लाटण्याला शिव्या घालत खाल्ल्या.

आणि चेनी? मीच बसवायला लागलो. तीन बोटं, त्यात काय आहे!

मुलगी आमची एकुलती एक. खिदिरपूरला गोदीजवळ माल सोडवायच्या ऑफिसात काम करते. उंच गाडी तिचीही आहे. शनिवार-रविवार पुरुलियाच्या खडकांत जाते. आईने तिला कधी अडवलं नाही, मी रोज अडवलं. दोन महिन्यांपूर्वी तिच्या गाडीला चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं नवीन घातली. पुढचं एक दात कमी असलेलं, चढाला जोर यावा म्हणून. लोखंडी. सगळं तिच्या आईच्या नियमाने. तीन बोटं घालून बघितली आणि नट आवळला.

सोमवारी गाडी टेम्पोतून आली. इंजिनचं झाकण फुटलेलं, चेनचा गुंता पुढच्या स्प्रॉकेटपाशी अडकलेला. मुलीच्या डाव्या मनगटाला प्लॅस्टर.

"चेन उतरला, बाबा," ती म्हणाली. तिचं मराठी असंच आहे, इथेच शिकलेली. "चाक जाम झाला. मी खाली."

मी तिच्यावरच ओरडलो. चिखलात धुतली नसशील, बघितली नसशील, कुणी सांगितलं होतं खडकांत जायला! हाताचं विचारायच्या आधी ओरडलो, हे पण लिहून ठेवतो.

तिने ओरडू दिलं. मग विचारलं, "चेन कुणी बसवला?"

"मी."

"किती सैल?"

"तीन बोटं."

"कुणाची?"

मी माझा हात बघितला. बावन्न वर्षं पाना धरलेली बोटं. माझी तीन म्हणजे तिच्या आईची चार. तेवढी चेन सैल राहिली आणि उडाली. आणि कुणाकुणाच्या गाड्यांना मी हे केलं होतं ते मला एकामागून एक आठवायला लागलं.

"तू बसवू नको," मुलगी म्हणाली. "मी दुसरीकडे देतो गाडी."

दुसरीकडे! तिच्या आईने चाळीस वर्षं ज्या अंगणात चेनी बसवल्या ते सोडून दुसरीकडे. मी म्हणालो, मग तुझी बोटं घाल. तिने उजवा हात पुढे केला. बोटं माझी घेतलीत कार्टीने, जाडजूड.

ती म्हणाली, "आई शेवटी बोटं घालत नव्हती. लाटणं घालायची. तुला माहीत नाही? तिचा हात सुजला ना, म्हणून माप केला. हात बरं होता तेव्हा बसवलेल्या गाड्यांवर मोजून. एक खाच आपल्या गाडीचा, एक मोठ्या गाड्यांचा. मी धरलेला लाटणं, तिने कापला."

मी आत गेलो. ओट्यावर पीठ लागलेलं लाटणं होतं. सकाळचं.

मला त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. तिचा आला, की मला का नाही सांगितलं. पण ती सांगणार कशी? मी "बडबड कशाला" म्हटलं होतं ना. मग ती बोललीच नाही. लाटण्याला खाच पाडली आणि माझी गिऱ्हाइकं, माझं नाव, माझी मुलगी सगळं सांभाळून ठेवून गेली. आणि मी त्याने चामडं लाटून खाल्लं.

इंजिनचं झाकण बदलायला दहा दिवस गेले. नवी चेन आणली. मुलीने एका हाताने लाटणं चेनखाली सरकवलं, खाचेपर्यंत; तिथली जाडी म्हणजे तिच्या आईची तीन बोटं. चेन वर ढकलली. खाचेत बसली. चाक फिरवून जिथे चेन सगळ्यांत ताठ होते तिथे पुन्हा बघितलं. मग तिने गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडलं आणि पट्टी लावली. पुस्तकातल्या मापात बसत होतं.

"झालं," मुलगी म्हणाली. "आवळ."

मी नट आवळला.

मग मी फोन करायला लागलो. आठ महिन्यांत चेन बसवलेल्या एकेकाला. गाडी आणा, चेन चुकीची बसवलीय. एकजण दुसऱ्याच दिवशी बेहालाहून आला, दाढीवाला, शाळेत मास्तर आहे. मी त्याला उभं केलं आणि हिंदीत स्पष्ट सांगितलं, की हे काम माझं कधीच नव्हतं. सगळ्या चेनी ती बसवायची. मी खोटं कौतुक घेतलं.

तो हसला. हसला! म्हणाला, "काकू, ते तर सगळ्यांना माहीत होतं. तुम्ही चहाला जाईपर्यंत आम्ही कोपऱ्यावर थांबायचो. तुम्ही गेलात की गाडी आत आणायचो. काकीमा म्हणायची, लवकर, तो येऊन नाक खुपसेल."

"मग मी बसवलेली चेन घेऊन कशाला गेलात?"

"ती नव्हती ना. तुम्ही एकटे होतात. नाही कसं म्हणणार?"

मी त्याला म्हणालो, दया दाखवायला माझ्या दुकानात येऊ नको, हात मोडून घेशील. खाली बस, चेनखाली हे घाल. त्याने लाटणं हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघायला लागला. म्हटलं, बघतोस काय, खाचेपर्यंत सरकव. पीठ आहे त्याच्यावर, आधी पूस.