तांबं ओळखणारं गेट

कानिफनाथ दहिफळे मूळचा पाथर्डीकडचा. नगरजवळ भंगार वितळवणाऱ्या एका कारखान्यात तो गेटचा मेकॅनिक होता. भंगारात कधीमधी किरणोत्सर्गी तुकडा सापडतो. तो कुणाच्या खिशातून घरी जाऊ नये म्हणून सुटताना प्रत्येकाला या गेटमधून चालत जावं लागे. रोज सकाळी कानिफनाथ शिशाच्या डबीतला बटणाएवढा किरणोत्सर्गी नमुना चिमट्यात धरून गेटमधून तीनदा जायचा. एकदा गुडघ्याशी, एकदा कमरेशी, एकदा डोक्याशी. तिन्ही वेळा भोंगा वाजला की वहीत सही.

पण लोक सुट्टीची घंटा झाली रे झाली की धावत सुटायचे, आणि धावणारा माणूस गेटला नीट तपासता येत नाही. कानिफनाथचं डोकं सदा तापलेलं. समजावून थकला, शिव्या देऊन थकला. शेवटी त्याने थाप मारली. "ह्या गेटाला चोरीचं तांबं कळतं. पळणाऱ्याला तर आधी धरतं!" दुसऱ्या दिवसापासून माणसं नवरीसारखी पावलं टाकू लागली. तो खूश. मला त्याच्या त्या खुशीचा आजही संताप येतो.

भंगार निवडणारी बनुबाई महिन्याची रजा संपवून कामावर आली. संध्याकाळी ती गेटमध्ये शिरली आणि भोंगा बोंबलला.

"तांबं काढ!" पहारेकरी कल्याणने तिचा दंड धरला.

"आईच्यान्, म्या काय बी घेतलं न्हाई!"

कल्याणने काठी घातली. पाठीवर, नडगीवर. तोंड वाचवायला तिने उजवा हात वर केला, तर मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज रांगेत सगळ्यांनी ऐकला. तरी थांबवायचं सोडून रांगच तिच्यावर तुटून पडली. हिच्यापायी आता आपलीही झडती होणार, याचा राग. एकाने झिंज्या धरल्या, दुसऱ्याने कमरेत लाथ घातली.

कानिफनाथ धावत आला. त्याने कल्याणला गचांडी धरून भिंतीवर आपटलं आणि बनुबाईपाशी वाकला. "मावशी, रजेत काय औषधपानी झालं का?"

"गळ्याच्या गाठीला... पुन्याला. किरनांचं औषध पाजलं." तिने रक्त थुंकलं.

गेट चुकलं नव्हतं. ते औषध तिच्या अंगात अजून होतं. पण मागे गर्दी ओरडतच होती, "चोर! चोर!"

कानिफनाथने ढिगातून तांब्याच्या तारेचं भलंमोठं भेंडोळं उचललं आणि गेटमधून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. भोंगा गप्प.

"वाजतंय का? सांगा ना, वाजतंय का?" तो किंचाळला. "ह्याला तांबं कळतच न्हाई! मी खोटं बोललो हुतो!"

गर्दी गार पडली. कल्याणने नाकाचं रक्त पुसलं आणि मान खाली घातली. कानिफनाथ बनुबाईला उठवायला खाली बसला. तिने अंगातलं उरलंसुरलं बळ एकवटून डाव्या हाताने त्याच्या थोबाडीत मारली. उजवा तिच्या मांडीवर वाकडा पडला होता.